याच घरात

शहाद्यात खोली भाड्यानं घेतली तेव्हा अकरा महिन्यांचा करारनामा मी टाइप करूनच नेला होता. ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. नवरा नाशिकला नोकरीत, आणि मला एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती. घरमालकीण खाली पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर बसून कुणाचे तरी गहू पाखडत होती. केस, भुवया, पापण्या, सगळं पिठानं पांढरं झालेलं. मला वाटलं, नव्वदीची असेल. तोंड धुऊन आली तेव्हा दिसलं की सत्तरीच्या आसपासची, काळीसावळी, ताठ पाठीची बाई आहे.

मी कागद पुढे केला, पेन पुढे केलं. तिनं कागद ठेवून घेतला आणि पेन परत दिलं.

"आज नही," ती म्हणाली. "कागदले एक रात घरमा झोपू दे."

मला तेव्हा अहिराणीचं एक अक्षर येत नव्हतं, पण एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी गेले तर करारनाम्याच्या तळाशी पेन्सिलीनं एक कलम वाढवलेलं होतं: 'भाडेकरू आजारी पडल्यास लपवू नये, खाली सांगावे.' सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि सुटं सुटं.

"हे करारात कशाला?" मी हसून विचारलं.

"तोंडनं सांगेल तू भुली जाशी," ती म्हणाली. मग मला कळावं म्हणून शाळेतल्या मराठीत सांगितलं, "लिहिलेलं विसरता येत नाही."

पुढच्या फेब्रुवारीत मला ताप आला. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती एका हातात कढी-खिचडीचं ताट आणि दुसऱ्या हातात तो करारनामा घेऊन जिना चढून वर आली, आणि माझ्या उशाशी बसून ते कलम तिनं बोट ठेवत वाचून दाखवलं. त्या दिवसापासून सगळ्या गल्लीसारखी मीही तिला जिजी म्हणायला लागले.

जिजीचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. गिरणी तिनं एकटीनं चालवली, मुलगा शिकवला, त्याचं लग्न केलं. मुलगा सुरतेला कापडाच्या दुकानात लागला आणि पुढे त्यानं स्वतःचं दुकान काढलं. जिजी इथंच राहिली. डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेऊन ती सांगायची की ज्वारी पावसात सापडलेली आहे, आजचं दळण होणार नाही, उन्हात घाल आणि उद्या ये. नंबर मोडून कुणाचंही दळण घेत नसे. एकदा एका पुढाऱ्याच्या घरचा डबा आला, त्याच्या माणसानं पुढे सरकवला. जिजीनं तो पायानं नाही, हातानं, अगदी आदरानं उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

इतक्या वर्षांच्या खडखडाटानं तिचा डावा कान गेला होता. उजवा बरा होता. ज्याचं ऐकायचं त्याला ती उजवीकडे बसवायची. ज्याचं ऐकायचं नाही त्याला प्रेमानं डावीकडे बसवायची, चहा द्यायची, आणि तो बोलेल तितका वेळ मान हलवायची. नवीन माणसाला हे कळायला बरेच दिवस लागत. मला सहा महिने लागले, आणि तोवर मी डावीकडेच बसत होते.

तिचं सगळ्यात विचित्र वेड म्हणजे वकील. बाकीच्या म्हाताऱ्या बायका देवळात जाव्यात तशी ती अधूनमधून कोर्टासमोर जाऊन यायची. काही भांडण नसताना. कुणी हसलं की म्हणायची, "डाक्टरकडे दुखनं म्हंजे जावानं. वकीलकडे दुखाना पहिले जावानं."

हे वेड तिला लागलं होतं ते ब्राह्मणपुरीच्या थोरल्या बहिणीमुळे. त्या बहिणीचा नवरा वारला, आणि तेराव्याच्या गर्दीतच कुणीतरी तिच्यापुढे कागद धरून अंगठा घेतला. त्यानंतरची सगळी वर्षं ती बाई एक पिशवी घेऊन या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत राहिली. पुढे जिजीनं तिला एका वकिलाकडे नेलं. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "आजी, अंगठ्याच्या आधी आला असतात तर काही करता आलं असतं." बहीण गेली, पण ते वाक्य जिजीनं धरून ठेवलं. सांगताना ती 'अंगठ्याच्या आधी' या शब्दांवर थांबायची आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघायची.

पण म्हणून ती उठसूट कुणावर दावा लावा म्हणणारी नव्हती. त्याचाही तिचा एक नियम होता. "पहिली बार चूक, दुसरी बार खोड, तिसरी बार वकील." समोरचे टेलरकाका याला जिजीचं कलम तीन म्हणत.

तिची वकीलबाई वयानं माझ्याएवढीच होती. मूळची नर्मदेकाठची, मणिबेलीकडची. घरी भिली बोलायची, शहाद्याच्या वसतिगृहात राहून अहिराणी शिकली, नंदुरबारला आणि धुळ्याला शिकून वकील झाली. आजोबांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आलेला प्रत्येक कागद घेऊन आजोबा तो वाचणारा माणूस शोधत कसे हिंडायचे, हे ऐकत ती मोठी झाली होती. कोर्टासमोरच्या एका अरुंद गाळ्यात तिचं टेबल होतं, आणि सगळ्या मिळून दोनच खुर्च्या. एवढे नामांकित वकील सोडून हिच्याकडे का, असं मी जिजीला विचारलं तर ती म्हणाली, "दुसरा मन्हं आयकतांना दुसरं काहीतरी लिखतस. हाई पेन खाले ठेवस."

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी जिजीचा मुलगा सुरतेहून गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, गोरटेला, गोड बोलणारा माणूस. आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता, मला घारी ही सुरतेची मिठाई दिली. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. दुकान वाढवायचं होतं, कर्जासाठी घर त्याच्या नावावर हवं होतं, आणि तो एकुलता एक होता. बक्षीसपत्र टाइप करून आणलं होतं. त्याच दिवशी रजिस्ट्री करून परत जायचा बेत होता.

"एक रात झोपू दे," जिजी म्हणाली.

तो बिचारा राहिला. दुपारी जिजी मला घेऊन वकीलबाईकडे गेली. वकीलबाईनं पेन खाली ठेवून सगळं ऐकलं आणि सांगितलं, "जिजी, देऊ नका. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. तुमच्या मागे सगळं त्याचंच होईल. जिवंतपणी हात रिकामे करू नका."

जिजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तू बरोबर सांगी ऱ्हायनी. पन आंडोरनं तोंड देखं का मन्हं शहानपन पातळ व्हई जास."

तिच्याबद्दल सांगताना मी हा भाग कधी गाळत नाही. जगाला शहाणपण शिकवणारी ही बाई मुलाचं तोंड पाहून विरघळली. वकीलबाईनं वाद घातला नाही. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. "मग एवढं तरी बक्षीसपत्रात येऊ द्या. आणि यातले हे दोन शब्द गळू देऊ नका." तिनं त्या शब्दांखाली रेघ मारली.

संध्याकाळी जिजीनं चिठ्ठी मुलापुढे ठेवली. त्याचा चेहरा पडला.

"आई, मन्हावर भरोसा नही का?"

"भरोसा शे, म्हनीसनच लिखी घे," ती म्हणाली. "भरोसा नही ऱ्हाता ते मी सहीच करती नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. मी आणि टेलरकाका साक्षीदार. गर्दी होती, केळीवाले शेतकरी, नवी जोडपी, प्लॉटवाले. आमचा नंबर जवळ आला तसं दस्त लिहिणाऱ्यानं सुधारलेलं बक्षीसपत्र आणून दिलं. जिजी बाकावर बसून बोट ठेवून वाचू लागली. मुलगा घड्याळ बघत होता. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"'याच घरात' कोठे गयं?"

दस्त लिहिणारा म्हणाला, "आजी, 'मुलगा आईचा तहहयात सांभाळ करील' असं लिहिलंय. अर्थ तोच."

"अर्थ तोच शे ते लिखाले काय तरास शे?"

आमचा नंबर पुकारला. जिजी उठली नाही. पुन्हा पुकारला. मागच्या लोकांनी कुरबुर सुरू केली, मुलगा तिच्यापुढे अर्धा वाकून हळू आवाजात विनवण्या करायला लागला. मला लाज वाटत होती, ही खरी गोष्ट आहे. दोन शब्दांसाठी सगळ्यांना खोळंबून ठेवलं म्हणून मी जिजीच्या कानाशी लागले, "जिजी, जाऊ द्या ना." ती उजव्या कानानं माझं ऐकत होती, तरी हलली नाही. शेवटी ते पान पुन्हा छापून आणलं. 'दात्री हयात असेपर्यंत तिचा सांभाळ याच घरात केला जाईल, तळमजल्यावरील खोली व गिरणी तिच्या ताब्यात राहील व वीज-पाणी चालू राहील. यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे.' जिजीनं 'याच घरात'वर एकदा बोट फिरवलं, मग सही केली, कॅमेऱ्यापुढे बसून फोटो काढून घेतला आणि अंगठा टेकवला. नंतर पदराला शाई पुसत म्हणाली, "आते चहा पिऊत."

पहिलं वर्ष नीट गेलं. मग एका सकाळी जिजी अंघोळ करून बाहेर आली तर दोन अनोळखी माणसं तिच्या स्वयंपाकघरात टेप लावून मापं घेत होती. एका बांधकामवाल्याची माणसं. घर पाडून तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं करायचं ठरत होतं. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, नुसता अंदाज घ्यायला पाठवले होते, सांगायचं राहून गेलं.

"चूक व्हई गयी तेन्ही," जिजी मला म्हणाली.

पावसाळा संपता संपता वीज कंपनीची माणसं आली आणि गिरणीचं मीटर काढून घेऊन गेली. जोडणी आता मुलाच्या नावावर होती आणि त्यानंच ती बंद करायचा अर्ज दिला होता. त्या वेळी मी कॉलेजात होते. परत आले तेव्हा गल्लीत पाऊल टाकताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कारण कळायला क्षणभर लागला. आवाज नव्हता. जिजी बंद गिरणीच्या पट्ट्याशी बसली होती. डबे घेऊन आलेल्या बायकांना ती बाजारातल्या गिरणीकडे पाठवत होती, आणि प्रत्येकीला सांगत होती की तिथं ज्वारी जाड दळतात, बारीक सांग.

"जिजी, आता तरी वकीलबाईकडे चला," मी म्हटलं.

"हाई खोड व्हयनी," ती म्हणाली. "आजून एक बाकी शे."

मी चिडले. हा कसला नियम, म्हणून बोलले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो मन्हा आंडोर शे, बाई. तेले परत येवाले वाट ठेवनी पडस." दोन महिने तिनं ती वाट ठेवली. रोज संध्याकाळी फोन करायची. मुलगा म्हणायचा, आई, तू सुरतेला ये, लिफ्टचं घर आहे, सून आहे, नातवंडं आहेत, तिथं त्या धुळीत काय ठेवलंय. या दोन महिन्यांत जिजी एकदम म्हातारी दिसायला लागली. पिठाशिवायचे तिचे केस मी पहिल्यांदा नीट पाहिले. ते खरोखरच पांढरे होते.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. दोन हमाल उतरले आणि म्हणाले, शेठनं सांगितलंय, आजीचं सामान सुरतेला न्यायचं. त्यांनी खाट उचलून टेम्पोत चढवलीसुद्धा. जिजीनं त्यांना हाक मारून बसवलं, चहा दिला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा दिला. ते पोटभर जेवले. मग तिनं त्यांनाच खाट खाली उतरवायला लावली, जागेवर ठेवायला लावली, आणि टेम्पो परत पाठवला. तोंड धुतलं. कपाटातलं चांगलं लुगडं काढून नेसली आणि मला जिन्यातून हाक मारली.

"चाल, बाई. तिसरी व्हयनी."

वकीलबाईनं बक्षीसपत्र वाचलं आणि पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "शब्द आहेत," ती म्हणाली. तिनं समजावून सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर दिलेलं परत घेता येतं. अर्ज प्रांतसाहेबांकडे करायचा. "मात्र एक आहे. आपल्याकडे तिथं वकिलाला उभं राहू देत नाहीत. अर्ज मी लिहीन, कागद लावून देईन. आत तुम्हालाच बोलावं लागेल, एकटीला."

जिजीचा चेहरा उतरला. "मी काय बोलसू?"

"थोडं बोला. मुलाला शिव्या देऊ नका. आणि ती ओळ साहेबांना वाचायला सांगा."

पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे तालीम चालली. मी साहेब व्हायची, टेलरकाका मुलगा. पहिल्या दिवशी जिजी मुलाच्या लहानपणापासून सुरू झाली आणि त्याला गोवर आला तिथपर्यंत पोचली. मी टेबल वाजवून म्हणायची, "मुद्द्याचं बोला." दहाव्या दिवशी ती इतकी मुद्द्याचं बोलायला लागली की मुलगा झालेल्या टेलरकाकांनाच वाईट वाटलं.

तारखेच्या दिवशी प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात मुलगा आधीच आलेला होता. सोबत त्या बांधकामवाल्याचा एक माणूस होता, तुळतुळीत, बोलका. तो येऊन जिजीच्या शेजारी बसला. जिजी जरा सरकली आणि तिनं त्याला डावीकडे जागा करून दिली. अर्धा तास तो बोलला. नव्या इमारतीत तळमजल्याला खोली, महिन्याचा खर्च, तीर्थयात्रा. जिजी मान हलवत होती. तो खूश होऊन मुलाकडे गेला आणि म्हणाला, आजी तयार आहेत.

जिजी माझ्याकडे वळली. "काय सांगी ऱ्हायना व्हता तो?"

पुकारा झाला. मला साक्षीदार म्हणून दाराशी उभं राहू दिलं. प्रांतसाहेब तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातले. त्यांनी आधी मुलाला विचारलं. तो नम्रपणे बोलला, आणि जे बोलला ते ऐकायला खरंच रास्त होतं. आईला मी कधी टाकलं नाही. माझ्या घरी तिची खोली आहे. ती यायलाच तयार नाही. तिचं वय झालं, गिरणीच्या धुळीनं तिला दम लागतो. मी तिच्या भल्यासाठीच करतोय.

साहेब जिजीकडे वळले. "आजी, मुलगा सांभाळायला तयार आहे. चांगलं घर आहे. मग अडचण काय?"

जिजी बोलायला लागली तशी साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कारकुनाला म्हणाले, "मराठीत सांगा, त्या काय म्हणतायत."

"मराठीच शे, साहेब," जिजी म्हणाली. "जराखं बारीक दळेल शे."

कारकून हसला, साहेबही हसले आणि म्हणाले, बोला, मी समजून घेतो.

"साहेब, गायले भी लोके सांभायतस," जिजी म्हणाली. "पन गायले कोनी ईचारस नही, तुले कोनता गोठामा बांधू. मन्हा आंडोर वाईट नही. तो माले खावाले दी, कपडा दी. पन मी कोठे ऱ्हासू हाई तेन्ही माले ईचारं नही. मी सही करी तवय एक गोष्ट लिखी लिधी व्हती. तेवढी तुम्ही वाचा. माले दुसरं काही सांगनं नही."

आणि ती थांबली. पंधरा दिवसांच्या तालमीत ती एकदाही इतक्या थोडक्यात थांबली नव्हती.

साहेबांनी चौथं पान काढलं. मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. 'याच घरात' आलं तिथं ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा वाचलं. मुलाकडे बघून विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"वाचून केली होती?"

मुलगा रुमाल काढून कपाळ पुसू लागला.

"गिरणीची वीज कुणाच्या अर्जावरून बंद झाली?"

तो म्हणाला, "माझ्या." अगदी हळू म्हणाला, पण जिजीच्या उजव्या बाजूला होता, तिनं ऐकलं. तिनं मान खाली घातली. त्या क्षणी तिला जिंकल्याचं काही वाटत असेल असं मला वाटलं नाही.

निकाल महिन्याभरानं आला. बक्षीसपत्र रद्द, घर पुन्हा जिजीच्या नावावर, वीज तात्काळ जोडून द्यावी. निकालाची प्रत वकीलबाईनं गाळ्यात उभी राहून वाचली, कारण दोन्ही खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो. वाचून झाल्यावर जिजी उठली, आणि त्या एवढ्याशा मुलीला खुर्चीत बसवून तिच्या पाया पडायला वाकली. वकीलबाईनं तिला मधेच धरलं. दोघीही रडल्या. मीटर बसलं त्या दिवशी जिजीनं गल्लीतल्या प्रत्येक घरचं एकेक दळण फुकट दळून दिलं, अर्थात नंबरानं. रांग पार टेलरकाकांच्या दुकानाच्या पुढे गेली होती. टेलरकाकांनी मशीन बंद ठेवून डबे लावून दिले, आणि जिजी त्या पांढऱ्या धुराळ्यात उभी राहून, कुणालाच ऐकू येणार नाही अशा आवाजात काहीतरी गात होती.

लोकांना वाटलं, मुलगा आता तुटला. चार-पाच महिने तो आलाही नाही. मग आखाजीला आला. आखाजी म्हणजे इकडची अक्षय तृतीया, दिवाळीपेक्षा मोठा सण. जिजीनं खापरावरचे मांडे केले होते. मी खाली मदतीला होते. तो जेवायला बसला, पण हात ताटात जाईना.

"आई, सुरतमा लोके म्हंतस, मायनी आंडोरवर केस करी."

"तू मन्हं आयकत नव्हता," जिजी खापराकडे बघत म्हणाली. "तू जेन्हं आयकशी, तेले सांगं मी."

जिजीनं हात धुतले, आतून एक पाकीट आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. मृत्युपत्र होतं. वकीलबाईकडे जाऊन तिनं ते केलं होतं, डॉक्टरचा दाखला आणि दोन साक्षीदार यांच्यासह. घर मुलाला.

"तुन्हंच शे," ती म्हणाली. "पन मी मरानंतर. घाई करू नको."

त्यानं पाकीट उघडलं नाही. बाजूला सरकवलं आणि मांडे खायला लागला. चार खाल्ले. त्यानंतर तो दर महिन्याला यायला लागला, आणि आल्यावर तिच्या उजव्या बाजूला बसायचा.

या सगळ्याची गावभर चर्चा झाली आणि जिजीच्या गिरणीत दळणाबरोबर कागदही यायला लागले. म्हातारी माणसं डबा खाली ठेवत आणि कमरेची घडी बाहेर काढत. जिजी कायदा सांगत नसे. "माले कायदा कळत नही, येळ कळस," म्हणायची. ती तीनच गोष्टी विचारायची. कागद कोणी आणला, किती घाईत आणला, आणि तुला वाचून दाखवला का. उत्तरं ऐकून एक तर म्हणायची, जा, सही कर, काही नाही त्यात. नाही तर गिरणी बंद करून चपला घालायची आणि त्या माणसाला वकीलबाईच्या गाळ्यात पोचवून यायची. सुनेशी नुसती कुरबुर घेऊन आलेल्या म्हातारीला मात्र तिनं एकदा परत पाठवलेलं मी पाहिलंय: "हाई वकीलनं काम नही. घर जाईसन चहा कर, दोन कप."

हे सगळं मी जवळून पाहिलं होतं, आणि तरीही पुढच्या नाताळच्या सुट्टीत माझे वडील शहाद्याला आले ते माझ्याच सांगण्यावरून, एक बक्षीसपत्राचा मसुदा पिशवीत घालून. बाबा निवृत्त पोस्टमास्तर. आई गेल्यापासून मिरजेजवळच्या आमच्या गावी एकटे राहत होते. मी एकुलती एक मुलगी. ते घर माझ्या नावावर करायचं, विकायचं, नाशिकला मोठा फ्लॅट घ्यायचा, बाबांनी आमच्याकडे राहायचं, असं नवऱ्यानं आणि मी ठरवलं होतं. मला त्यात काहीही वावगं दिसत नव्हतं. बाबांना दम्याचा त्रास, तिथं एकटे, काही झालं तर कोण आहे. मी त्यांच्या भल्यासाठीच करत होते.

बाबा खाली गिरणीत जाऊन बसले आणि जिजीशी त्यांची गट्टी जमली. संध्याकाळी मी उतरले तर मसुदा जिजीच्या मांडीवर होता.

"भाऊ, हाई वकीलले दखाडं का?" ती बाबांना विचारत होती.

"जिजी, हे आमचं घरचं आहे," मी म्हटलं.

जिजीनं मान फिरवून डावा कान माझ्याकडे केला.

"बाबांना कशाला हवा वकील?" मी बाबांकडे वळले. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, माझ्यावर भरोसा नाही का. ते मी ऐकलं होतं, कुणाच्या तोंडून आणि कधी तेही मला आठवत होतं. मी तोंड मिटलं. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. नुसती भीती होती, मी रागावेन याची. सत्तरीला आलेला, आयुष्यभर गावाची पत्रं सांभाळलेला हा माणूस स्वतःच्या मुलीला घाबरून चारशे मैलांवर सही करायला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं वकीलबाईकडे गेली. मला बरोबर नेलं नाही. मी वरच्या खोलीत पेपर तपासत बसले आणि एका मुलाला सातपुड्याच्या उत्तरेला तापी वाहते असं साफ चुकीचं लिहिल्याबद्दल पैकीच्या पैकी गुण दिले. दुपारी बाबा जिना चढून वर आले. दम लागला होता, तरी ते हसत होते.

"घर माझ्याच नावावर ठेवतोय," ते म्हणाले. "माझ्यामागं तुझंच. तसं लिहून ठेवणार आहे. नाशिकला येऊन जाऊन राहीन. पण राहणार मी माझ्या घरात." आणि मग विचारलं, "चालेल ना गं?"

मी हातातला पेपर तपासून संपवला आणि मग म्हटलं, चालेल. राग आला होता, जिजीचा आणि बाबांचाही, तो जायला दोन-तीन दिवस लागले. फ्लॅट आम्ही लहान घेतला. त्यात काही बिघडलं नाही.

आता माझी बदली नाशिकला झाली आहे. जिजी ऐंशीच्या जवळ आलीय, गिरणी सकाळपुरतीच चालवते. मागच्या मे महिन्यात मी गावी गेले होते. बाबांनी दाराला नवी पाटी करून घेतली होती, सागवानी, त्यावर त्यांचं पूर्ण नाव आणि खाली 'निवृत्त पोस्टमास्तर'. ती त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, कारण त्यांचा हात आता वर पोचत नाही. मी स्टुलावर चढून पाटी लावली. बाबा खालून सांगत होते, जरा डावीकडे, आता उजवीकडे, आता सरळ. चार स्क्रू मी पिळले.

संध्याकाळी जिजीला फोन केला. तिला सगळं आधीच माहीत होतं, बाबा तिला आठवड्याला फोन करतात.

"पाटी लागनी का?" तिनं विचारलं.

"लागली."

"कोनी लाई?"

"मीच लावली."

"मंग बरं शे," जिजी म्हणाली, आणि फोन ठेवला.